पाहणीच्या वेळी चूल थंड

हेवा हा शब्द निरोपसमारंभात कुणी काढत नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की पानशांनी कितीतरी संसारांना छप्पर मिळवून दिलं. टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाला. मी मान खाली घालून बसलो होतो, लोकांना तो विनय वाटला. खरं म्हणजे त्या छपरांतलं एकेक मला आठवत होतं आणि मी आतल्या आत जळत होतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी दुसऱ्यांना घरं दिली आणि जवळजवळ प्रत्येक घराचा मला हेवा वाटला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या खात्यातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर ठरवलं, लिहायचं तर हेच लिहायचं. बाकीचं सगळं खात्याच्या अहवालांत आहे. ते कुणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरी म्हणजे तेव्हा एका बाजूला जुनं गाव आणि पवनेकाठची शेतं, दुसऱ्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प, लांबच लांब बराकींचा. जवळच नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या आशेनं नगर-साताऱ्याची, कोकणातली माणसं वळकट्या घेऊन उतरत होती. एवढ्या माणसांना जागा कुठून आणायची? सरकारनं बैठ्या चाळी बांधायला घेतल्या. एका ओळीत बारा खोल्या. प्रत्येक खोलीला स्वतःची मोरी, मोरीत स्वतःचा नळ, आणि एक खिडकी. खोल्या मूठभर आणि अर्ज पोतंभर. म्हणून आमची वाटप कचेरी, आणि त्या कचेरीत मी चौकशी कारकून.

चौकशी म्हणजे काय ते सांगतो. अर्जदार लिहून द्यायचा, की मी गरीब आहे, माझं कुटुंब वेगळं आहे आणि मला जागा नाही. ते खरं का खोटं हे त्याच्या बिऱ्हाडी जाऊन बघायचं आणि कागदावर चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींवर वरचे साहेब ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहायचे. साहेब स्वतः कधी बराकीत गेले नाहीत. त्यांचे डोळे म्हणजे मी.

नियमांत सगळ्यांत मोठा नियम होता एक चूल, एक कुटुंब. भाऊ-भाऊ, दीर-भावजया एकाच जागेत दाटीवाटीनं राहत. त्यांतलं कोण वेगळं आणि कोण एकत्र हे कसं ठरवायचं? ज्याची चूल वेगळी त्याचं कुटुंब वेगळं. त्याला खोली मिळणार. त्यामुळे पाहणीची कुणकुण लागली की एका रात्रीत चुली उगवायच्या. तीन विटा मांडायच्या, वर शेणाचा हात फिरवायचा, झालं वेगळं कुटुंब! मला फसवणं मात्र सोपं नव्हतं. मी चुलीपाशी उकिडवा बसे, राखेवर तळहात धरे, चिमूटभर राख बोटांत चोळून बघे आणि मग मागच्या भिंतीकडे पाही. राख शेजारून आणता येते, काजळी आणता येत नाही. भिंतीवरचा काळा थर बघून ही चूल महिन्याची का वर्षाची हे मी बिनचूक सांगत असे. या विद्येचा मला गर्व होता, आजही आहे. लोक मला पाठीमागं ‘राखवाले साहेब’ म्हणत.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटत. माणसं जास्त तर नंबर आधी, असाही एक नियम होता. त्यापायी एका आठवड्यात मला तीन घरी तीच म्हातारी भेटली. एका घरी ती सासू होती, एका घरी आई आणि एका घरी मावशी. तिसऱ्या घरी तिनंच मला विचारलं, “सायब, चौथ्याकडं कवा जानार? म्हंजी मी आदी जाऊन बसते, तुमचाबी खोळंबा नगं.” मी तिला तिन्ही अर्जांतून वजा केलं, पण तिच्या हिशेबीपणाचं कौतुक वाटलं. एक नगरकडचे मजूर होते. त्यांना खोली मिळाल्यावर महिन्याभरानं मी फेरी मारायला गेलो तर गृहस्थ दाराबाहेर बाजेवर पसरलेले. म्हटलं, आत का नाही झोपत? तर म्हणाले, “आत जीव गुदमारतो राव, भित्ताडं चारी बाजूनी येत्यात अंगावर.” हे ऐकून मला इतका संताप आला, की सायकलवर बसायचं विसरून मी ती हातात धरून कचेरीपर्यंत चालत आलो. आत खिडकी, आत नळ, आणि हा बाबा बाहेर!

माझा संताप कळायचा तर माझं बिऱ्हाड बघायला हवं होतं. चिंचवड गावात एका घराच्या मागच्या अंगाला आमची भाड्याची खोली होती. मी आणि माझी बायको इंदू. खोलीला खिडकी नव्हती. दिवसासुद्धा तांदूळ निवडायला इंदू दारात बसे. चार बिऱ्हाडांत एक मोरी, ती अंगणापलीकडे, आणि सकाळी तिथं रांग. आमचा नंबर तिसरा. माझा पगार खात्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या किंचित वर, म्हणून मला अर्ज करता येत नव्हता. गरिबांहून थोडा बरा आणि बऱ्यांहून बराच गरीब असा मी मधला. लोणी वाटणाऱ्याला भाकरी कोरडी.

रोज संध्याकाळी इंदू विचारायची, “आज कुणाला दिली?” मी सांगायचो. मग ती विचारायची, “नळाला पाणी किती वेळ असतं हो?” मी तेही सांगायचो. ती चिडून विचारत नसे, हे जास्त लागायचं. एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाबद्दल विचारावं तसं ती विचारायची.

हेवा नुसता घरांचाच होता असंही नाही. आमच्या कचेरीत मालतीबाई म्हणून समाजसेविका होत्या. बायकांचं आजारपण, मुलांची शाळा, शिवणाचे वर्ग हे त्यांचं काम. त्या बराकीत शिरल्या की मुलं धावत येत, बायका पदराला हात पुसत बाहेर येत, चहा मांडला जाई. आणि मी शिरलो की पितळेची भांडी पोत्याखाली जात. त्या ‘ताई’ आणि मी ‘साहेब’. त्यांना लोक सासू छळते हे सांगत, मला लोक सासू आहे हेच सांगत. अमुक घर खरंच गरजू आहे असं त्या म्हणाल्या, की माझ्या मनात त्या घराविरुद्ध अढी बसलीच म्हणून समजा. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

आता बारा नंबरच्या खोलीकडे येतो.

तिसरी ओळ बांधून तयार होत आली होती. तिच्यातली टोकाची खोली बारा नंबरची. टोकाची म्हणून तिला दोन खिडक्या होत्या, एक पुढं आणि एक बाजूला. बाजूच्या खिडकीतून पवनेकाठची झाडं दिसत. आणि खात्याचा एक नियम होता, जो तोवर कुणी वापरला नव्हता. पात्र अर्जदार पुरे पडले नाहीत आणि खोली शिल्लक राहिली, तर ती देखरेखीसाठी कचेरीतल्या माणसाला देता येई. त्याला पगाराची मर्यादा नव्हती.

मी यादी काढून बसलो. तिसऱ्या ओळीसाठी पक्की पात्र कुटुंबं अकरा. बारावा अर्ज कॅम्पातल्या ईश्वरीबाईचा, त्याची पाहणी व्हायची होती. पुढची यादी साहेबांच्या सहीवाचून पडलेली, ती चौथ्या ओळीला लागणार. म्हणजे ईश्वरीबाई पात्र ठरली तर बारा नंबर तिचा, नाहीतर माझा. हे गणित मी तीनदा केलं. आणि करू नये ती गोष्ट केली, घरी जाऊन इंदूला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझा डबा द्यायचं निमित्त काढून ती चिंचवडहून चालत पिंपरीला आली. मी तिला रिकामी खोली दाखवली. तिनं मोरीत जाऊन नळ सोडला. नळाला पाणी अजून जोडलं नव्हतं, नुसती हवा फुसफुसली. तरी ती तोटी तशीच सोडून दोन मिनिटं उभी राहिली. मग दोन्ही खिडक्या उघडून भिंतीला हात लावत लावत सगळी खोली फिरली. जाताना म्हणाली, “उगाच मनात धरायला नको.” तिनं मनात धरलंय हे मला तिच्या चालण्यावरून दिसलं.

ईश्वरीबाई विधवा होती, दोन लहान मुलींची आई. सिंधमधून निघताना नवरा वाटेतच आजारी पडून गेला. ती जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या आसऱ्यानं पिंपरीला आली. जेठाचं नाव धरमदास. बराकीतल्या त्याच्या जागेत गोणपाटाचा पडदा लावून मागचा कोपरा तिला दिला होता. ती पापड लाटायची. ते विकायला धरमदास न्यायचा आणि पैसेही त्याच्याचकडे राहायचे. मुलीला वही हवी असली तरी जेठाकडे हात पसरायचा. मालतीबाईंनी तिला अर्ज लिहून दिला होता. चूल तिनं वेगळी मांडली होती, कारण जाऊ तिच्या मुलींना शेवटी वाढायची. खोली मिळाली तर पापड तिचे, कमाई तिची आणि मुली तिच्या. नाही मिळाली तर जन्मभर गोणपाट.

हे सगळं मला ठाऊक होतं. मालतीबाईंनी दोनदा सांगितलं होतं. दोनदा सांगितलं, म्हणूनही मला राग होता.

पाहणीची तारीख मी ठरवली गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवसाची. सकाळी निघताना आमचा शिपाई गेनबा म्हणाला, “सायब, आज कॅम्पात नगा जाऊ.” गेनबा रावेतचा शेतकरी, पवना ओलांडून कामावर येई. कॅम्पात दूध घालायचा, त्यामुळे तिथल्या घराघराची त्याला माहिती.

“का रे?”

“आज थदडी हाय त्यांची. आज कुनाच्याच घरात चूल पेटत न्हाई. काल करून ठिवल्यालं गार खात्यात, देवीचं असतंय. आज दूधबी कुनी तापवायला घेत न्हाई. उद्या जाऊ की.”

मी म्हटलं, “तारीख कागदावर पडलीय.”

“कागुद काय, आपलाच हाय.”

“गेनबा, तू सायकल काढ.”

त्यानं सायकल काढली.

ईश्वरीबाईचा कोपरा सारवून लख्ख केलेला होता. चूल धुतल्यासारखी स्वच्छ, तिच्यावर पाण्याचे शिंतोडे आणि कुंकवाचं बोट. मी उकिडवा बसलो, सवयीनं तळहात धरला. थंडगार. मग मागची भिंत बघितली. काजळीचा थर बोटभर नसला तरी चांगला जाड होता, वर्षाच्या खालचा नव्हता. एवढं बघायला मला निमिष पुरलं. पडद्यापलीकडे जावेची चूलही तशीच धुतलेली, तशीच थंड, तिच्यावरही कुंकू. तीही मी पाहिली.

ईश्वरीबाई म्हणाली, “साब, आज गरम कुछ नहीं. चाय भी नहीं. त्योहार है ना. ये खाओ.” तिनं ताटलीत गुळाचे लोले ठेवले, आदल्या दिवशी केलेले, जाडसर गोड पोळीसारखे. मी एक खाल्ला. चांगला लागला, म्हणून दुसराही खाल्ला. त्या बराकीत तोवर मला कुणी काही खायला दिलं नव्हतं.

धरमदास मध्येच आला. म्हणाला, “साब, अलग-वलग कुछ नहीं. हम सब एक हैं. भाई की बहू है, कहाँ जाएगी?” ईश्वरीबाई मुलींना जवळ ओढून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

कचेरीत येऊन मी लिहिलं: ‘पाहणीच्या वेळी अर्जदाराची चूल थंड होती. त्याच जागेत अर्जदाराच्या जेठाचं कुटुंब राहतं. जेठ यांच्या सांगण्यानुसार सर्वजण एकत्र आहेत.’ तीन वाक्यं. तिन्ही खरी. लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली आणि एकही खोटं अक्षर नाही याचं मला समाधान वाटलं. साहेबांनी खाली ‘अपात्र’ लिहून सही केली.

दिवाळी झाल्यावर आम्ही बारा नंबरमध्ये राहायला गेलो.

ते दिवस सुखाचे होते. खोटं कशाला सांगू? पहिल्या सकाळी इंदू नळाखाली घागर लावून नुसती बसून राहिली, भरून वाहिली तरी उठेना. बाजूच्या खिडकीत तिनं तुळशीची कुंडी ठेवली. मी कामावरून येताना लांबून ती खिडकी दिसायची आणि छाती फुगायची. आता बघणाऱ्यांनी माझा हेवा करावा, असं वाटायचं.

मालतीबाईंनी मात्र मला एकच प्रश्न विचारला. फाइल हातात घेऊन त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पानसे, त्या दिवशी जेठाची चूल कशी होती?” मी म्हणालो, “बघावं लागेल.” त्या म्हणाल्या, “तुम्ही बघितलेली असणार.” आणि फाइल ठेवून गेल्या.

पुढच्या काही महिन्यांत ईश्वरीबाई आमच्या ओळीत पापड विकायला येऊ लागली. धरमदासच्या पायाला दुखणं झालं होतं, म्हणून तो तिलाच दारोदार पाठवायचा. इंदूची आणि तिची गट्टी जमली. ती अपात्र कशी ठरली, हे इंदूला माहीत नव्हतं. ईश्वरीबाईला खोली कुणाला गेली हे माहीत होतं, सगळ्या कॅम्पाला माहीत होतं. तरी ती आमच्या दारात बसायची, घोटभर पाणी प्यायची, पापड लाटायची तऱ्हा इंदूला शिकवायची. मी घरी असलो की तिची पापडांची पाटी दुसऱ्या दाराशी टेकायची.

वर्ष फिरून गोकुळाष्टमीचा आदला दिवस आला. मी कचेरीतून परतलो तर इंदू भिंतीला टेकून बसलेली. समोर ताटलीत लोले.

म्हणाली, “ईश्वरीबाईंनी दिलेत. आज त्यांच्यात चूल पेटवत नाहीत म्हणे.”

मी म्हटलं, “असेल.”

“म्हणाल्या, साहेबांना आवडतात. गेल्या वर्षी याच दिवशी आले होते चूल बघायला, तेव्हा दोन खाल्ले.”

मी जोडे काढत होतो, ते काढतच राहिलो.

“तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी चूल पेटत नाही हे?”

गेनबाचं नाव घेऊन खोटं बोलता आलं असतं. नियमाचं नाव घेऊनही बोलता आलं असतं. पण इंदूनं आवाज चढवला नव्हता की उतरवला नव्हता, नुसतं विचारलं होतं, पाणी किती वेळ असतं विचारायची तसं. मी म्हटलं, “माहीत होतं.”

मग उठून तिनं खिडकीतली तुळशीची कुंडी काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. म्हणाली, “मी चिंचवडच्या घरमालकाकडे निरोप धाडते. जुनी खोली रिकामी आहे का विचारते.”

“इंदू, आता वर्ष झालं. ते प्रकरण मिटलंय.”

“तिचं कुठं मिटलंय?”

मी खूप बोललो. माझ्या पगाराबद्दल बोललो, खात्याबद्दल बोललो, तिनंच त्या दिवशी नळ कसा सोडला होता तेही काढलं. ते काढायला नको होतं. ती म्हणाली, “हो, सोडला होता. मला ही खोली हवी होती. तिच्यापायी तुम्ही असं कराल, हे नव्हतं हवं.”

दुसऱ्या दिवशी मी खोली सोडत असल्याचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ असं लिहून बघितलं. पण नुसत्या त्या अर्जानं खोली ईश्वरीबाईला जाणार नव्हती. तिच्या कागदावर ‘अपात्र’ शेरा होता, खोली पुढच्या यादीतल्या भलत्यालाच गेली असती. आणि तो शेरा पुसायचा तर पाहणी करणाऱ्यानंच लिहून द्यायला हवं, की माझी पाहणी अपुरी होती. घर सोडणं परवडलं, पण हे लिहिणं जिवावर आलं. राखवाले साहेबांना चूल कळली नाही, हे कागदावर! तीन दिवस मी तो कागद खणात ठेवून घरी जात होतो. इंदू भांडी पोत्यात भरत होती.

चौथ्या दिवशी लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला.

“पानसे, म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी खोटं लिहिलं होतं?”

“नाही साहेब, सगळं खरंच लिहिलं होतं.”

“मग हे काय आहे?”

“उरलेलं आहे साहेब. त्या दिवशी सण होता, अख्ख्या कॅम्पात चूल पेटली नव्हती. जेठाचीसुद्धा थंड होती. आणि अर्जदाराच्या भिंतीवरची काजळी वर्षापेक्षा जुनी होती. ती मी पाहिली होती.”

साहेबांनी चष्मा पुन्हा लावून माझ्याकडे बघितलं. खोली परत देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. माझी बढती लांबली आणि पाहणीचं काम काढून मला आवक-जावक टेबलावर बसवलं. ती विद्या मला पुन्हा कधी वापरता आली नाही, याची चुटपुट अजून आहे. ईश्वरीबाईला बारा नंबर मिळाला. मालतीबाईंनी किल्ली नेऊन दिली. त्या दिवशी त्यांच्या डब्यातली भाजी माझ्या पानावर आली.

आम्ही चिंचवडला परतलो. आता मोरीत आमचा नंबर चौथा होता, कारण मधल्या काळात एक नवं बिऱ्हाड आलं होतं.

चांगलं वागलं की मन स्वच्छ होतं, असं लहानपणी शिकवतात. माझं तसं काही झालं नाही. रोज कचेरीत जाता-येता मला ती ओळ लागायची आणि रोज पोटात दुखायचं. तिच्या मुली दाराशी सागरगोटे खेळताना दिसल्या तरी दुखायचं, वाळत घातलेले पापड दिसले तरी दुखायचं. माझ्या हातानं दिलेली, म्हणून ती खोली मला जास्तच माझी वाटायची.

एक दिवस सायकल टोकापर्यंत नेली आणि बघतो तर बाजूची खिडकी दिसेना. तिथं आडवा पत्रा ठोकला होता, चांगले जाड खिळे मारून. मी सायकल तिथंच टाकली. ईश्वरीबाई आत लाटत बसली होती. पिठानं कोपरापर्यंत हात भरलेले. मला बघून तिनं पदर सावरला, पण पाटी या वेळी कुठं हलवायची नव्हती, घर तिचं होतं.

“खिडकी का बंद केली?” मी विचारलं. साहेबासारखा आवाज लागला असावा.

ती म्हणाली, “साब, हवा लगती है. बेलते-बेलते पापड सूख के फट जाता है. सामने की एक खिडकी बहुत है.” आणि मग, “अंदर आओ ना साब, बैठो.”

मी बसलो नाही. तिथून तडक घरी आलो आणि इंदूला सांगितलं. ज्या खिडकीसाठी मी हे सगळं केलं, जिच्यापायी आपण दोघं या अंधाऱ्या खोलीत परत आलो, ती खिडकी या बाईनं पत्रा ठोकून बंद केली! तुझी तुळस होती तिथं!

इंदू दारात बसून तांदूळ निवडत होती. आधी ती हसली. परतल्यापासून पहिल्यांदाच हसली. मग सूप खाली ठेवून मागं आमच्या भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीला कंदील अडकवायला खिळा मारायचा म्हणून आम्ही घरमालकाला तीनदा विचारलं होतं आणि तीनदा त्यानं नाही म्हटलं होतं.

“तिनं कुणाला विचारलं असेल हो?” इंदू म्हणाली.

“कुणाला विचारणार? तिचं घर आहे.”

“हो ना,” इंदू म्हणाली, आणि पुन्हा सूप उचलून तांदूळ निवडू लागली. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी ओळखलं, कारण इतकी वर्षं ते माझ्याच पोटात होतं. तिच्या तोंडावर मी ते त्या एकाच दिवशी पाहिलं.